मोंबासाचा बुधवार

कर्जत, ता. २४ नोव्हेंबर १९७८

झोहरा बाय,

पाकीट उघडलंस म्हणजे अर्धं काम झालं. वाचायचं नसेल तर चुलीत घाल, पण घालण्याआधी पहिलं पान तरी बघ. यात रडगाणं नाही, आजारपण नाही. मला एक गंमत सांगायचीय आणि या घरात ऐकायला कोणी नाही. एक मांजर येते, पण तिला मासळीशिवाय दुसरा विषय नाही.

तर ऐक. तुझा बाप शाळेत जायला लागला!

हसू नको. मार्चमध्ये जहाजाची नोकरी संपवून आलो, तुझ्या दारात साजगावला येऊन गेलो, तू पाण्याचा गिलास ठेवून आत गेलीस, मी गिलास रिकामा करून परतलो. तेव्हापासून ओट्यावर बसून येणाराजाणारा बघत होतो. आपल्या घरामागच्या शाळेत चौथीला गौराबाई म्हणून मास्तरीण आहेत. बोलणं एकदम सरळ, आडपडदा नाही. त्या एक दिवस ओट्यापाशी थांबल्या नि म्हणाल्या, "चाचा, एकतीस वर्षं तुम्ही जग पाहिलंत. येऊन पोरांना चार देश सांगा की. मी पुस्तकातलं किती सांगणार?"

मला कोण आनंद! इस्त्रीचा सदरा घालून गेलो. नकाशासमोर उभा राहिलो आणि फजिती. अगं, मी पाहिलं काय? जहाजावरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी, हे तुला सांगायला नको, पण पोरांना आधी तेच सांगावं लागलं. भांडी घासायच्या मोरीवर एक गोल खिडकी होती, तेवढ्यातून दिसलं ते माझं जग. लंडनला पाऊस, जिनोव्हाला टोमॅटो स्वस्त, कोबेला मासळी ताजी. संपला भूगोल. पुढच्या ओळीत हिरू म्हणून एक पोरगी बसते, ती म्हणाली, "चाचा, तिकडची मानसं कशी असतात?" मी म्हटलं, "कशी असतात ते नाय माहीत बाय, पण खातात काय ते माहीत हाय." पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेच शिकवा."

आता दर बुधवारी शाळा सुटली की मागच्या पडवीत आमचा वर्ग. दोन स्टोव्ह, एक बाईंचा, एक माझा. पोरं चौदा. मटण-मासळी वर्ज्य, कारण सगळ्या घरांतली पोरं आहेत. जिन्नस पोरांनी घरून आणायचा आणि हात पोरांनीच चालवायचे. मी हात पाठीमागे बांधून नुसता बोलतो. पहिल्या बुधवारी स्कॉटलंड घेतलं. गाजर, कोबी, मसूर, कांदा, सगळं एकत्र शिजवून दाट सूप. मी यादी सांगितली, पोरांनी उतरवून घेतली, आपसांत वाटून घेतली. बुधवारी बघतो तर कोबीचे आठ गड्डे! गाजरांची गोणी! अगं, मी जहाजाचं प्रमाण सांगितलं होतं, पंचेचाळीस माणसांचं. मला दुसरं येतच नाही. शेवटी लग्नातलं तपेलं मागून आणलं, पोरांनी गल्लीभर वाटलं, स्टेशनावरचे टांगेवाले दोनदा येऊन गेले. बाई म्हणाल्या, "चाचा, पुढच्या खेपेला चौदा पोरं आणि एक मी. भागाकार करा."

केला. पंचेचाळीस भागिले तीन. जमतो मला.

जवाबाची घाई नाही.

युनूस


कर्जत, ता. ९ डिसेंबर १९७८

झोहरा बाय,

जवाब नाही, पण पाकीटही परत आलं नाही. पोस्टमन म्हणतो, पोचलं. मग पुढचं ऐक.

या बुधवारी इटली केली. जिनोव्हाच्या बंदराबाहेर एक भाजीवाली होती. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर पाट घेऊन कणकेच्या बारक्या गोळ्या अंगठ्यानं दाबायची, त्यांचे शिंपले व्हायचे. ते उकडून टोमॅटोच्या रश्शात घालायचे. मी तिच्यापुढे उभा राहून बघत बघत शिकलो. तिची भाषा मला नाही, माझी तिला नाही, पण चुकलं की ती माझ्या हातावर चापटी मारायची.

हिरूची आजी चिंधीबाय त्या दिवशी काठी टेकत आली. पोरांना काय नको ते खायला घालतात का, हे बघायला. आली ती दाराशी उभी राहिली. मग आत आली. मग खाली बसली. पोरं अंगठा दाबत होती आणि शिंपल्यांच्या जागी शेणाच्या गोवऱ्या पडत होत्या. म्हातारी ओरडली, "अरं, ह्या तर नखुल्या! रुखवताला करतो आमी. सरका तिकडं!" आणि तिनं असा काय अंगठा चालवला म्हणतेस! जिनोव्हाची बाई तिच्यापुढे पाणी भरेल.

मग पोरांत भांडण. हिरू म्हणते, इटलीवाल्यांनी आमचं चोरलं. कमाल म्हणतो, तुमीच त्यांचं चोरलं असंल. (हा कमाल म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला, माझ्याबरोबर जहाजावर होता तो कमाल नव्हे.) चिंधीबाय म्हणाली, "मी कर्जतच्या भाईर गेली नाय, चोरू कशी?" मी तीन दिवस याच विचारात आहे. ती बाई तिकडे, ही इकडे, मध्ये एवढा समुद्र, आणि कणीक दिसली की दोघींचा अंगठा एकाच जागी जातो. कसं काय? तुला काही सुचतं का?

आता खरी गोष्ट. जना म्हणून एक पोर आहे. खाता खाता मध्येच काहीतरी विचारते आणि आपला घास अडकतो. म्हणाली, "चाचा, कप्तानाला काय आवडायचं?" मी धडाधड सांगितलं. कप्तानाला अंडं तीन मिनिटांचं, चौथं मिनिट झालं की परत पाठवायचा. बड्या इंजिनियरला करपलेला पाव. जहाजावर तारा घेणाऱ्या तारवाल्याला कांद्याचा वासही चालत नसे. पोरं आ वासून बघत राहिली, इतकं सगळं चाचाच्या ध्यानात! मग जना म्हणाली, "आनि तुमच्या पोरीला?"

मी म्हटलं, "फिरनी."

"जायफळ घालून का येलची?"

"वेलची."

पटकन सांगितलं. पोरांना खरं वाटलं. मला तेव्हापासून काही खरं वाटत नाही. झोहरा, फिरनीच ना? मी घरी आलो की फिरनी व्हायची हे मला पक्कं आठवतंय, आणि तू वाटी घेऊन दाराशी उभी असायचीस.

सोबत जवाबाचं जोडकार्ड घातलंय. पत्ता मीच लिहून ठेवलाय. तुला फक्त एक शब्द लिहायचाय. बाकी काही लिहू नको हवं तर.

युनूस


कर्जत, ता. २३ डिसेंबर १९७८

झोहरा बाय,

कार्ड आलं नाही. बरं.

या खेपेला जपान होता. नवा भात घराघरांत आलाय, म्हणून म्हटलं कोबेचे भाताचे मुटके करू. हात मिठाच्या पाण्यात बुडवायचा, गरम भात घ्यायचा, मध्ये काहीतरी आंबट ठेवायचं आणि त्रिकोणी दाबायचं. आंबट म्हणून पोरांनी लोणच्याची फोड घातली. वाडीवरून बुधी येते, डोंगरातून दीड तास चालत. ती म्हणाली, "आमची आय रानात जाताना असाच भात बांधते, कुड्याच्या पानात." मग काय, बुधीला पुढे बसवलं आणि जपान तिनंच शिकवला. मला वाटायला लागलंय की मी एकतीस वर्षं जगभर फिरून या पोरांना त्यांच्याच घरचं शिकवतोय.

पण ऐक, मला काय सापडलं ते. गौराबाईंनी फर्मान काढलंय. जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी वर्गाचा शेवट. त्या दिवशी देश कुठला, तर आपलं घर. प्रत्येकानं आपल्या घरी रोज होतं ते करायचं, आणि चाचांनी त्यांच्या घरचं. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? आणि विचार करायला बसलो.

आपल्या घरी रोज काय व्हायचं, झोहरा?

मला येतं ते सांगतो. बिर्याणी. फिरनी. सांदणं. सुरमईचं कालवण. तांदळाच्या रोट्या आणि कोंबडी. हे सगळं मी खाल्लंय, तुझ्या अम्मीच्या हातचं, बोटं चाटून. पण मी अठरा महिन्यांनी यायचो, दोन महिने राहायचो. रोज कोण बिर्याणी करतं? मी आलो की घरात ईद, मी गेलो की मग काय व्हायचं चुलीवर? मी कधी पाहिलंच नाही. मला पाटावर बसवायचे आणि पुढ्यात ताट यायचं. मी आपल्याच घरी पाहुणा होतो गं. आणि पाहुण्याला रोजचं कुणी वाढत नाही.

हे अठ्ठावन्नाव्या वर्षी माझ्या डोक्यात आलं. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या सरळ गोष्टीला एवढा वेळ लागला म्हणून मी ओट्यावर एकटाच हसलो. मग हसू गेलं.

तेव्हा आता दोन सवाल. तुला काय आवडतं, आणि तुम्ही दोघी रोज काय खायचात. मला खरंच जाणून घ्यायचंय. बुधी नकाशात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या माझ्या एका खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "चाचा, ह्यो मोंबासा ऱ्हायला. जानेवारीत ह्यो घ्या." मी म्हटलं, तिथं काही खास नाही. तिथलं माझ्या ध्यानात नाही.

तुझी अम्मी गेली तेव्हा मी नव्हतो हे तू मनात धरून बसलीस. तार मला उशिरा मिळाली, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. समुद्रावर माणसाचा इलाज चालत नाही.

दुसरं जोडकार्ड घातलंय.

युनूस


साजगाव, ता. २९ डिसेंबर १९७८

तार कुठल्या बंदरात मिळाली? आधी ते लिहा.

झोहरा


कर्जत, ता. ४ जानेवारी १९७९

झोहरा,

नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमननं कार्ड दिलं तेव्हा मी ते ओट्यावर वाचलं नाही, आत जाऊन वाचलं. आणि तू हे विचारलंस.

सांगितलंय एकदा. डर्बनला मिळाली. तुझ्या मामूंसमोर सांगितलं, जमातीच्या लोकांसमोर सांगितलं. बापाची उलटतपासणी करायची ही कुठली तऱ्हा? मी जेवणाचं विचारतो आणि तू कोर्ट मांडतेस! तुझ्या लग्नालाही मी नव्हतो, तेही काढ हवं तर. माणूस समुद्रावर मजा मारायला जातो असं वाटतं का तुला? एकतीस वर्षं भट्टीपुढे उभा राहून माझ्या दोन्ही हातांवरचे केस जळाले.

या बुधवारी वर्ग झाला नाही. माझ्या अंगात कणकण होती.

युनूस


कर्जत, ता. ११ जानेवारी १९७९

झोहरा बाय,

मागचं पत्र मी टाकायला नको होतं. पेटीत पडल्यावर हात घालून बघितला, पोचला नाही.

काल मोंबासा झालं. पोरांनी ऐकलंच नाही. बुधीनं सगळ्यांना फितवलं आणि गौराबाई म्हणाल्या, "सगळे देश झाले चाचा, मोंबासाशी तुमचं काय वाकडं आहे?" मी म्हटलं, ठीक. तिथं शेंगांतले दाणे नारळाच्या दुधात शिजवतात. आपल्याकडे घरोघरी वाल असतात, म्हणून वाल घ्यायला सांगितले. चिंधीबायनं ते दोन दिवस आधीच भिजवून, मोड आणून, सोलून आणले आणि बजावलं, "ह्ये आमचंच बिरडं हाय, नाव कायबी देवा." पोरांनी नारळ खवला, दूध काढलं, भांडं चढवलं. मी हात मागे बांधून उभा. दुधाला पहिली उकळी आली आणि तो वास सुटला.

बुधीनं विचारलं, "चाचा, हितं किती दिस ऱ्हायलात?"

"चार."

"चार दिस काय केलंत?"

तिला आपलं नुसतं कुतूहल. मी म्हटलं, भांड्याकडे बघ, खाली लागेल. आणि पडवीच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या चार दिवसांत मी काय केलं ते तुला लिहितो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तार मोंबासाला मिळाली. पहिल्याच दिवशी, सकाळी. तारवाल्यानं स्वतः आणून हातात दिली. झोहराची अम्मी फार आजारी, ताबडतोब या. मी कांदा चिरत होतो. तार मी ॲप्रनच्या खिशात घातली आणि उरलेला कांदा चिरला.

त्याच सकाळी आमच्या मोठ्या भंडाऱ्याला पोट दुखतं म्हणून किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेलं होतं. कप्तानानं मला बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, चार दिवसांनी मुंबईची आगबोट सुटतेय, तुला जायचं तर कागद करून देतो. राहिलास तर मोठा भंडारी तू. सोळा वर्षं मी दुसरा भंडारी होतो, झोहरा. दुसऱ्याच्या हुकमाखाली कांदे चिरणारा. मी म्हटलं, उद्या सांगतो.

मनाला काय काय समजावलं ते आता लिहायलाही लाज वाटते. ताप असेल, उतरेल. भाऊ आहे तिचा, बघेल. झोहरा मोठी झालीय. पगार वाढला तर तिचं लग्न थाटात होईल. आणि दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, राहतो.

तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःच्या अकलेनं जेवण ठरवलं. बाजारातून दाणे आणले, नारळ आणले, आणि हेच केलं. पंचेचाळीस माणसांनी वाटी पुसून खाल्लं. कप्तानानं माणूस पाठवून शाबासकी दिली. मला आनंद झाला. तुला खरं सांगायचं ठरवलंय म्हणून सांगतो. तार खिशात होती आणि मला आनंद झाला.

चौथ्या दिवशी आगबोट सुटली. गोल खिडकीतून दिसली.

डर्बनला मिळाली ती दुसरी तार, तुझी अम्मी गेल्याची. तीच मी लोकांना दाखवली. पहिली समुद्रात टाकली होती. आगबोटीला मुंबईला यायला नऊ दिवस लागतात. चार आणि नऊ तेरा. तुझी अम्मी सतराव्या दिवशी गेली. हा हिशोब मी इतक्यांदा केलाय की आता तो आपोआप होतो, भाजी चिरताना होतो, नमाजात होतो. दरवेळी चार दिवस उरतात.

यावर मला काही म्हणायचं नाही. माझ्याबरोबरचा कमाल त्याच जहाजावर होता, त्याला ठाऊक आहे. त्यानं तुला काही सांगितलं का, हे विचारायची माझी छाती नाही. फिरनीचं वगैरे मी विचारलं होतं, ते राहू दे. तुला वाटलं नाही तर यापुढे पत्र टाकणार नाही.

युनूस


कर्जत, ता. १ फेब्रुवारी १९७९

झोहरा बाय,

पत्र टाकणार नाही म्हटलं होतं आणि टाकतोय. हे शेवटचं. रागावू नको. गोष्टच अशी झाली की तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

काल वर्गाचा शेवट. पण आधी त्याच्या मागच्या बुधवारचं सांगतो. मी पोरांना म्हटलं, पुढच्या खेपेला घरचा पदार्थ करायचाय, पण माझ्याकडे नाही. मी तुम्हाला थाप मारली. माझ्या पोरीला फिरनी आवडते की नाही मला माहीत नाही. माझ्या बायकोला काय आवडायचं तेही धड सांगता येणार नाही. कप्तानाचं अंडं किती मिनिटांचं ते येतं, घरचं येत नाही.

मला वाटलं पोरं हसतील. पण जना म्हणाली, "चाचा, माज्या आयला काय आवडतं ते मला बी नाय माहीत."

हिरू म्हणाली, "मला बी नाय." कमाल म्हणाला, "अम्मी तर सगळ्यांचं झाल्यावर खाते." पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. चौदातल्या एकालाही सांगता येईना. गौराबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि फळ्यावर लिहिलं: घरचा अभ्यास, आईला काय आवडतं ते विचारून येणे.

काल पोरं उत्तरं घेऊन आली, आणि काय सांगू तुला! हिरूची आई लाजली आणि म्हणाली, चल हट, कामं कर. दोन दिवसांनी पोरीला न्हाऊ घालताना हळूच सांगितलं, भाजलेला कांदा, आणि तो कुणी न मागता एकटीनं खायला मिळाला तर. कमालच्या अम्मीला बर्फाचा गोळा! पाच पोरांची आई, बुरखा घेऊन फिरणारी, तिला लाल गोळा खायचाय. बुधीच्या आयनं करवंदं सांगितली, पण करवंदं निघतात उन्हाळ्यात, म्हणून बुधीनं नुसता काटेरी पाला आणून दाखवला. जनाची आई संतापली. कुणी इचारायला सांगितलं, म्हणाली, आणि मग रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, तिच्या माहेरी मेथी घालून भाकरी करत, ती. इथं सासरी कुणाला आवडत नाही म्हणून सोळा वर्षांत तिनं केली नाही. जनानं काल ती केली. कच्ची राहिली, जाडही झाली. आई बघायला आली होती, दाराशी उभ्यानं तिनं अख्खी खाल्ली.

चिंधीबाय म्हणाली, "मला तर साठ वर्सांत कोनी इचारलंच नाय." मग आम्ही सगळ्यांनी मिळून विचारलं. म्हातारीनं बोटं मोजली, परत मोजली. शेवटी म्हणाली, "आता नाय आठवत."

मी काहीच केलं नाही. माझी जागा रिकामी ठेवली होती पोरांनी, स्टोव्हसकट. तो पेटवला नाही.

हे तुला कळवावंसं वाटलं. तुझ्या हलीमाला मी एकदाच पाहिलंय, दाराच्या मागून बघत होती. तिला माझी दुआ.

युनूस


साजगाव, ता. ७ फेब्रुवारी १९७९

अब्बा,

तुमची सगळी पत्रं मिळाली. सगळी वाचली, एकही जाळलं नाही.

मोंबासाचं मला आठ वर्षांपासून ठाऊक आहे. पनवेलला एका लग्नात कमालचाचांनी सांगितलं. त्यांना वाटलं मला माहीत असेल. मी कुणाला बोलले नाही. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. बरं वगैरे काही वाटलं नाही. रोज भांडी घासताना मनातल्या मनात तुमच्याशी भांडते, या आठवड्यात भांडले नाही, एवढंच.

फिरनी मला आवडत नाही. तुम्ही येणार म्हटलं की अम्मी दूध चुलीवर चढवायची आणि ढवळायला मला उभं करायची. हात भरून यायचा. वाटी घेऊन दाराशी उभी असायचे ती तुम्हाला द्यायला. रोज आम्ही पेज खायचो, सोबत सुकट भाजून, नाहीतर आमसुलाचं सार. मला सार आवडतं.

तुम्ही मला काय आवडतं ते दुसऱ्या पत्रापासून विचारलंत. अम्मीला काय आवडायचं ते शेवटच्या पत्रात आलं, तेही पोरांच्या निमित्तानं. ते मी सांगते.

तिला तुमच्या हातचं खायचं होतं. मला किती वेळा म्हणाली असेल. जहाजभर परके लोक तुझ्या अब्बांच्या हातचं रोज खातात, मला एकदा खायचंय. मी म्हणायचे, मग सांग की त्यांना, आता आलेत तर. ती म्हणायची, दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला चुलीपुढे कसं बसवू, लोक काय म्हणतील. दरवेळी पुढच्या खेपेला सांगू म्हणायची.

शेवटचे पाच-सहा दिवस तिला काही जात नव्हतं. मी पेज भरवत होते. एकदा घास तोंडातच ठेवून म्हणाली, ते असते तर त्यांनी मला काय करून घातलं असतं गं? मी तरी कुठे खाल्लं होतं तुमच्या हातचं.

रविवारी सकाळच्या खोपोलीच्या गाडीनं येते. हलीमाला घेऊन येते, ह्यांची कारखान्यात पाळी आहे. मी चुलीला हात लावणार नाही. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारायला पत्र टाकू नका, पोचायचं नाही. तिघांपुरतंच करा.

हलीमाला तिखट चालत नाही.

झोहरा